सोयरीक उंदरांची

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुगाचा कडाका टिपेला पोहोचला होता, तेव्हा आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पठारावर बर्फाचा कणसुद्धा नव्हता. इथं होता तो दुष्काळ. उत्तर युरोपावर आणि कॅनडावर किलोमीटरभराहून जाड हिमस्तर साचले होते. समुद्राचं पाणी त्यांत अडकून पडल्यानं समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती. थंड समुद्रावरून वाफ कमी उठायची, त्यामुळे मॉन्सून दुबळा पडला होता. मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही म्हणतात, पण तो दुष्काळ हजारो वर्षं पुरला.

त्या कोरड्या काळाची एक खूण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी सापडली आहे. कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटणे लागतं. तिथल्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांच्या कवच्या मिळाल्या. त्यातल्या एका तुकड्यावर माणसानं नक्षी कोरली होती. वय सुमारे २५ हजार वर्षं. भारतात खरोखर शहामृग होते का, या जुन्या वादावर २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेनं अशाच कवच्यांतून डीएनए काढून पडदा टाकला. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला मोकळं, विरळ झुडपांचं गवताळ रान लागतं. खानदेश आणि मराठवाडा तेव्हा तसा होता.

मग ११,७०० वर्षांपूर्वीच्या सुमारास हवामान पालटलं. बर्फ वितळला, समुद्र चढला, पाऊस परतला. त्यापुढची नोंद आपल्याकडे लोणारच्या तळ्यानं ठेवली आहे. तळ्याच्या तळातल्या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा नमुना काढून शास्त्रज्ञांनी गेल्या अकरा हजार वर्षांतल्या पावसाचा हिशेब मांडला. सुरुवातीला भरपूर पाऊस, मग हळूहळू उतरती कळा आणि मध्ये दोन लांबलचक अवर्षणं. पहिलं साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचं, दुसरं २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचं. पाणी आटून फार खारट झालं की जे स्फटिक तयार होतात, ते त्या त्या थरांत सापडले.

एवढी हवामानाची कथा सांगायचं कारण म्हणजे उंदीर. उंदराची पिढी काही महिन्यांची असते. दहा हजार वर्षांत त्याच्या वीस-तीस हजार पिढ्या सहज होतात. पाऊस हटला की प्राण्यांचा वावर आक्रसतो, मधल्या कोरड्या पट्ट्यांनी एकाच जातीचे गट एकमेकांपासून तुटतात आणि प्रत्येक गट आपापल्या वाटेनं बदलू लागतो. पाऊस परतला की हे गट पसरत पसरत पुन्हा समोरासमोर येतात. तोवर ते सख्खे राहिलेले नसतात, पण पुरते परकेही झालेले नसतात. अशा भेटीत सोयरीक जुळते का, जुळली तर कितपत निभते, यावर गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालं त्याचा बराचसा भार छोट्या सस्तन प्राण्यांनीच वाहिला आहे.

युरोपात हे चित्र सर्वांत स्पष्ट दिसतं, कारण तिथं प्राण्यांना ढकलणारा बर्फ होता आणि पळायला तीनच मोठ्या जागा होत्या: स्पेन-पोर्तुगालचं इबेरिया, इटली आणि बाल्कन. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या गॉडफ्री ह्युइट यांनी नाकतोड्यांपासून अस्वलांपर्यंत अनेक प्राण्यांचे डीएनए ताडून दाखवलं, की आजच्या युरोपातले प्राणी या तीन आश्रयस्थानांतून उत्तरेकडे परतलेल्यांचे वंशज आहेत. हेजहॉग हा काटेरी प्राणी घ्या. पश्चिमेचा हेजहॉग आणि पूर्वेचा हेजहॉग अशा दोन जाती झाल्या आणि मध्य युरोपात दोघांच्या हद्दी आता एकमेकींना भिडल्या आहेत. अशा हद्दीवर दोन गटांत संकर होत असेल, तर त्या ठिकाणाला संकरपट्टा म्हणतात.

माझ्या मते यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट इबेरियातल्या सशांची आहे. हिवाळ्यात पांढरा होणारा पहाडी ससा हिमयुगात इबेरियापर्यंत उतरला होता. तिथं त्याचे जीवाश्म सापडतात. हवा उबदार झाली तसा तो तिथून नाहीसा झाला. आज तो आल्प्स, स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया आणि रशियात आहे. इबेरियात एकही नाही. पण पोर्तो विद्यापीठातल्या पाउलो सेलिओ आल्वेस आणि जोझे मेलो-फेरैरा यांच्या गटानं तिथल्या सशांचा, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातला डीएनए वाचला, तेव्हा इबेरियाच्या तिन्ही जातींत या नाहीशा झालेल्या पाहुण्याचा डीएनए निघाला. दिसायला, वागायला, उरलेल्या जवळजवळ सगळ्या जनुकांत ससा इबेरियन, आणि मायटोकाँड्रिया पहाडी सशाचा.

हे कसं घडतं? मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. हवा बदलू लागली तेव्हा इबेरियन ससे पुढे सरकत पहाडी सशांच्या मुलखात शिरले. आघाडीवर नवे आलेले थोडे होते आणि आधीपासून राहणारे पुष्कळ. नव्या नरांनी जुन्या माद्यांशी संग केला. झालेल्या माद्यांनी पुन्हा नव्या नरांशी, त्यांच्या मुलींनी पुन्हा तसंच. प्रत्येक पिढीला पहाडी सशाच्या बाकीच्या जनुकांचा वाटा निम्मा होत गेला. दहा पिढ्यांत तो हजारात एकावर येतो. आईकडून मुलीकडे जाणारा मायटोकाँड्रिया मात्र जसाच्या तसा राहतो. अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी जो प्राणी त्या देशातून गेला, त्याच्या माद्यांचा हा वारसा आजही स्पेनच्या शेतांत उड्या मारतो आहे.

आपल्याकडे ससा एकाच जातीचा, त्यामुळे मराठवाड्यात हे नाट्य सशांत होणं शक्य नव्हतं. इथलं नाट्य घरात झालं.

मोंढ्यातल्या कुठल्याही जुन्या गोदामात रात्री चार प्राणी फिरतात. घूस, काळा उंदीर, छोटा घरउंदीर आणि चिचुंद्री. यातली चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती कीटक खाणाऱ्या वेगळ्या गणातली, तरी बिचारी उंदरांच्या पापाचं शासन भोगते. आपल्या विषयाचे नायक मधले दोन. दोघांची मुळं आपल्या उपखंडात किंवा त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि दोघांनी जगभर जाऊन दुरावलेल्या भावंडांची गाठ घेतली.

आधी घरउंदीर. शास्त्रीय नाव मस मस्क्युलस. इराणच्या पठारापासून उत्तर भारतापर्यंतच्या टापूत कुठेतरी त्याचं मूळ घर. काही लाख वर्षांपूर्वी त्याच्या मुख्य तीन शाखा झाल्या. डोमेस्टिकस पश्चिमेला गेली, मस्क्युलस उत्तरेला, आणि कॅस्टेनियस दक्षिणेला व पूर्वेला. आपल्या स्वयंपाकघरात डब्यामागे खुडखुड करणारा हा तिसऱ्या शाखेचा. हिमयुगांच्या आवर्तनांत वाळवंटं रुंदावली, पर्वतांवरच्या खिंडी गोठल्या आणि या शाखा एकमेकींपासून दूर राहिल्या. माणूस नसता तर त्या तशाच दूर राहून पुऱ्या वेगळ्या जाती झाल्या असत्या, असं मानायला जागा आहे.

माणूस आला तो शेतीच्याही आधी. जॉर्डन खोऱ्यात ऐन मल्लाहा या ठिकाणी सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी, म्हणजे धान्य पेरायला लागण्याच्या कितीतरी आधी, शिकार करणारे आणि रानधान्य वेचणारे लोक वस्ती करून राहू लागले होते. २०१७ मध्ये लिओर वाइसब्रोड, थॉमस कुची आणि सहकाऱ्यांनी तिथल्या थरांतले उंदरांचे दात तपासले. दाढेच्या आकारावरून घरउंदीर कोणता आणि त्याचा रानातला चुलतभाऊ कोणता हे ओळखता येतं. लोक दीर्घकाळ एका जागी राहिले त्या थरांत घरउंदीर वरचढ, लोकांनी पुन्हा भटकंती सुरू केली त्या थरांत रानउंदीर वरचढ. माणूस किती स्थिर होता याचं माप उंदरांच्या दाढांनी दिलं.

पुढे कणग्या आल्या, बळदं आली, पेवं आली. आपल्या मुलखात गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांतल्या ताम्रपाषाणयुगीन गावांत साठवणीची सोय चांगलीच होती. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून खणलेल्या इनामगावात तर गावाचं धान्यकोठारच निघालं. प्रवरेकाठचं दायमाबाद संभाजीनगरहून फार लांब नाही. लोणारच्या गाळानं सांगितलेलं पहिलं लांब अवर्षण संपण्याच्या सुमाराला आणि त्यानंतर ही गावं फुलली. बाहेर रान कोरडं असलं तरी घरात बारमाही दाणा आणि बारमाही आडोसा, अशी उंदराला हवी तशी दुनिया त्या काळात उभी राहिली. हिमयुगाच्या अखेरीनं प्राण्यांना जी नवी भूमी मोकळी केली तिच्यात माणसाचं घर ही सर्वांत मोठी, असं मी म्हणेन. नकाशावर मात्र ती कुणी दाखवत नाही.

घराच्या मागोमाग गाडी, गाडीच्या मागोमाग गलबत. डोमेस्टिकस भूमध्य समुद्रातल्या व्यापाराबरोबर पश्चिम युरोपात पसरला. मस्क्युलस पूर्वेकडून माणसांबरोबरच युरोपात शिरला. दोघं मध्यावर भेटले. डेन्मार्कपासून काळ्या समुद्रापर्यंत त्यांचा संकरपट्टा आज पसरला आहे. लांबी अडीच हजार किलोमीटरच्या घरात, रुंदी बहुतेक ठिकाणी वीसेक किलोमीटर. बर्लिनच्या परिसरातून तो जातो. अलीकडे एक, पलीकडे दुसरा, आणि मधल्या गावांतल्या गोठ्यांत दोघांचं मिश्रण. आश्चर्य याचं, की हजारो वर्षं झाली तरी हा पट्टा रुंदावत नाही. संकर होतात, पण त्यांचं पुढे फार चालत नाही.

का चालत नाही, याची चावी प्रागमध्ये सापडली. १९७४ मध्ये यिर्झी फोरेय्त आणि पावोल इवान्यी यांना दिसलं, की या दोन शाखांच्या काही संकरांत नर वांझ निघतात, माद्या निघत नाहीत. हा कल आधीच ओळखला गेला होता. संकरात एकच लिंग नापीक निघालं तर ते बहुधा वेगवेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं निघतं, असा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला. हेच हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. धोतर-कुर्त्यातले त्यांचे फोटो अनेकांनी पाहिले असतील. उंदरांच्या नरांचं एक्स-वाय, म्हणून मार त्यांना.

वांझपणाला जबाबदार जनुक फोरेय्त यांच्या गटानं नेमकं पकडलं ते २००९ मध्ये. नाव पीआरडीएम-९. शुक्राणू किंवा अंडं तयार होताना आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र जवळ येऊन आपापले तुकडे बदलतात. तुकडे कुठे बदलायचे त्या जागा हे जनुक ठरवतं. दोन शाखांत ते इतकं बदललं आहे, की संकरित नराच्या पेशीत जागांचा मेळ बसत नाही, गुणसूत्रं नीट जुळत नाहीत आणि शुक्राणू तयार होण्याचं काम अर्ध्यावर थांबतं. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी या जनुकातला जागा ओळखणारा भाग काढून त्या जागी माणसाच्या जनुकातला तोच भाग बसवला. संकरित नर पुन्हा सुपीक झाले! उंदीर-उंदरांच्या लग्नात मध्यस्थी करायला माणसाच्या जनुकाचा तुकडा चालला, कारण तो दोघांनाही सारखाच परका होता.

या पट्ट्याबद्दलचा एक दावा पुढे उलटलाही. १९८६ मध्ये रिचर्ड सेज यांनी संकरित उंदरांच्या आतड्यांत शुद्ध उंदरांपेक्षा खूप जास्त कृमी असल्याचं लिहिलं. संकर म्हणजे कमजोर, ही समजूत त्यानं पक्की झाली. २०१२ मध्ये स्टुअर्ट बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी अधिक मोठा नमुना घेऊन पाहिलं, तर संकरितांमध्येच कृमी कमी निघाले. नापीक असणं वेगळं, नाजूक असणं वेगळं.

आपला कॅस्टेनियस या गोष्टीत पूर्वेकडे निघाला. आग्नेय आशियातून तो जपानी बेटांवर पोहोचला, आणि कोरियाकडून मस्क्युलस तिथं आला. दोघांच्या मिश्रणातून जपानचा घरउंदीर झाला. त्याला पूर्वी मोलोसिनस नावाची स्वतंत्र उपप्रजाती मानत. १९८८ मध्ये हिरोमिची योनेकावा यांच्या गटानं दाखवलं की तो संकर आहे. युरोपात ज्या सोयरिकीला वीस किलोमीटरच्या पट्ट्यात कोंडून राहावं लागलं, तिनं जपानात जवळजवळ देश व्यापला. जपानी शौकिनांनी हे उंदीर पाळले, ते युरोप-अमेरिकेत विकले गेले, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या ॲबी लॅथ्रोप नावाच्या बाईंच्या फार्मवर इतर पाळीव उंदरांत मिसळले. तिथून आलेल्या उंदरांतून १९२१ मध्ये सी. सी. लिटल यांनी काळ्या रंगाचा सी-५७ ब्लॅक हा वाण तयार केला. आज कर्करोगापासून मधुमेहापर्यंतच्या औषधांच्या चाचण्या ज्यावर होतात तोच हा. त्याची बरीचशी जनुकं डोमेस्टिकसची, मायटोकाँड्रियाही त्याचाच, आणि वाय गुणसूत्र जपानी वाटेनं आलेलं मस्क्युलसचं. शुद्ध वाण म्हणून विकत घेतला जाणारा प्राणी मुळात असा मिसळलेला.

आता काळा उंदीर. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगात जो चाळींच्या छपरांतून पडून मेला तो हा. साऱ्या जगाने याला जहाजी उंदीर म्हणून बदनाम केलं, पण तो मूळचा भारताचा. ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञ केन ॲप्लिन यांनी २०११ मध्ये जगभरच्या काळ्या उंदरांचा मायटोकाँड्रियल डीएनए ताडला तेव्हा सहा शाखा निघाल्या. बहुतेक आशियातल्या. त्यांपैकी युरोप, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया काबीज करणारी शाखा भारतातून निघालेली होती.

त्याआधी तोसिहिदे योसिदा या जपानी शास्त्रज्ञानं त्याची गुणसूत्रं मोजली होती. पूर्व आशियातल्या उंदरांत ४२, श्रीलंकेत ४०, आणि भारतातून जगभर गेलेल्यांत ३८. भानगड काय, तर भारतीय शाखेत दोन ठिकाणी दोन-दोन गुणसूत्रं टोकाला जुळून एक झाली. जनुकं जवळजवळ तीच, बांधणी वेगळी. प्रयोगशाळेत ४२ आणि ३८ वाल्यांची जोडी लावली तर पिल्लं होतात, पण त्या पिल्लांची स्वतःची प्रजननक्षमता बरीच घटते. जुळलेल्या आणि सुट्या गुणसूत्रांची वाटणी होताना गडबड होते. चिचुंद्रीतही असंच आहे. बहुतेक आशियात तिची गुणसूत्रं ४०, दक्षिण भारतात काही ठिकाणी ३० किंवा ३२.

पूर्व आशियाई उंदीर आणि भारतीय उंदीर काही लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यांना परत एकत्र आणणाऱ्या रस्त्यांपैकी एक आपल्या दारातून जात होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन बाजारपेठांची नावं आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड बैलगाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून लाल समुद्राकडे. त्या समुद्राच्या इजिप्तकडच्या किनाऱ्यावर रोमन बंदरांच्या उत्खननांत काळ्या उंदरांची हाडं मिळाली आहेत. २०२२ मध्ये युरोपातल्या प्राचीन उंदरांच्या हाडांतून डीएनए वाचला गेला. रोमन साम्राज्याबरोबर उंदीर पसरले, साम्राज्य ढासळल्यावर सहाव्या शतकानंतर बरेचसे संपले आणि मध्ययुगात व्यापार वाढला तेव्हा दुसरी लाट नव्यानं आली. साम्राज्याच्या चढउताराचा असा आलेख कुठल्या शिलालेखात सापडणार?

पुढे कॅलिफोर्नियात तर या दोन्ही शाखा जहाजांतून वेगवेगळ्या वाटांनी उतरल्या आणि एकाच बंदरात शेजारी झाल्या. तिथल्या उंदरांत आता दोघांची जनुकं मिसळलेली सापडतात. मायदेशी लाखो वर्षं जे अंतर टिकलं ते परदेशात मिटलं. परक्या मुलखात नवखे उंदीर संख्येनं थोडे, आणि आपल्या शाखेचा जोडीदार मिळणं अवघड. इबेरियन सशांच्या आघाडीवर जे घडलं त्याचंच हे रूप.

सगळे शेजारी सोयरे होतात असं मात्र नाही. गंगापूर, सिल्लोडच्या काळ्या मातीत बांधाबांधावर बिळं करणारे दोन चिमुकले शेतउंदीर आहेत, मस बुडुगा आणि मस टेरिकलर. नुसत्या डोळ्यांनी ओळखताना जाणकारही चकतात. बनारस हिंदू विद्यापीठात टी. शर्मा यांनी त्यांच्या गुणसूत्रांवर अनेक वर्षं काम केलं. दोघांचीही गुणसूत्रं ४०, पण टेरिकलरच्या गुणसूत्रांना जास्तीच्या भुजा आहेत. एकाच शेतात, एकाच हंगामात राहूनही दोघं आपापलं वेगळेपण राखून आहेत. खारींचंही तसंच. तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन जाती महाराष्ट्रात एकमेकींच्या हद्दीत शिरतात, पण त्यांच्या गुणसूत्रांची संख्याच वेगळी. रामाच्या बोटांचे ठसे तीनच, त्यामुळे पाच पट्टेवालीचं काय, हा प्रश्न आजीबाईंनी हुशारीनं टाळला आहे.

आणि काही नातलग भेटतच नाहीत. सिंहगडाच्या माथ्यावर १९७५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांनी उंदराची नवी जात नोंदवली. किल्ल्याच्या जुन्या नावावरून ती कोंढाणा उंदीर झाली. तिचा जवळचा नातेवाईक, मऊ केसांचा शेतउंदीर, खाली दख्खनच्या शेतांत सर्रास आहे. कोंढाणा उंदीर मात्र उंच माथ्यापुरता अडकलेला आणि आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत.

या सगळ्याचा शेतकऱ्याशी थेट संबंध लागतो तो विषाच्या गोळीत. वॉरफरीन १९४८ पासून उंदरांवर वापरात आलं. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं. शरीर ते पुन्हा पुन्हा वापरतं, आणि त्यासाठी व्हीकेओआरसी-१ हे प्रथिन लागतं. वॉरफरीन नेमकं ते प्रथिन अडवतं. मग रक्त गोठत नाही आणि उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. आपल्याकडे दुकानात मिळणारं ब्रोमॅडिओलोन त्याच कुळातलं, त्याच प्रथिनावर बसणारं.

स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत मस स्प्रेटस नावाचा रानउंदीर आहे. घरउंदराशी त्याची फारकत पंधरा ते तीस लाख वर्षांपूर्वीची. दोघांच्या संकरातले नर वांझ, माद्या थोड्याफार सुपीक. व्यापाराबरोबर घरउंदीर पश्चिमेला पोहोचला तेव्हा या दोघांची गाठ पडली. स्प्रेटसच्या व्हीकेओआरसी-१ ची घडण अशी, की वॉरफरीनचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. २०११ मध्ये मायकेल कोन यांच्या गटानं दाखवलं, की ते प्रथिन घडवणारं जनुक स्पेनमधल्या घरउंदरांत शिरलं आहे. इतकंच नव्हे तर जर्मनीतल्या घरउंदरांतही ते सापडलं, जिथं स्प्रेटस राहतच नाही. वांझ मुलांच्या घराण्यात एखाद्या सुपीक मुलीनं फट ठेवली, आणि विषाच्या गोळ्यांनी त्या फटीतून आलेलं एक जनुक दूरवर पसरवलं. इतर जनुकं पिढ्यांच्या ओघात विरून गेली. हे टिकलं, कारण ते नसलेले उंदीर मेले.

म्हणून ‘संकर’ हा प्रश्न पूर्ण होय किंवा पूर्ण नाही असा सुटत नाही. १९४२ मध्ये अर्न्स्ट मायर यांनी जातीची व्याख्या केली ती आपसात प्रजोत्पादन करणारा आणि इतरांपासून तुटलेला गट अशी. पाठ्यपुस्तकात ती अजून आहे आणि असावीही. पण सशाच्या मायटोकाँड्रियापुरती हद्द खुली, घरउंदराच्या पीआरडीएम-९ पुरती बंद, विषाच्या जनुकापुरती पुन्हा खुली. हद्द प्रत्येक जनुकासाठी वेगळी आखलेली असते.

आपल्या भागात हे वाचायला लागणारं साहित्य अंशतः तयार आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ मध्ये देशभरच्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं. त्याचा पहिला अहवाल खानदेशचा, म्हणजे अजिंठ्याच्या रांगेच्या पलीकडच्या बाजूचा. सी. ए. क्रंप या संग्राहकानं तिथं उंदीर, खारी, चिचुंद्र्या धरल्या. कातडी, कवटी, आणि प्रत्येकीच्या चिठ्ठीवर गाव आणि तारीख. हे नमुने मुंबई आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. अशा जुन्या कातडीच्या तळपायाची इवलीशी कपची घेऊन तिच्यातला डीएनए वाचणं आता नेहमीचं काम झालं आहे. जायकवाडीचे कालवे, संकरित कापूस आणि ब्रोमॅडिओलोन यांच्या आधीचे उंदीर त्या पेट्यांत आहेत. चिठ्ठ्यांवरच्या त्याच गावांत आज पिंजरे लावले आणि दोन्ही डीएनए शेजारी ठेवले, तर शंभर वर्षांत कोणतं जनुक कुणाकडून कुणाकडे गेलं हे दाखवता येईल. त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाला किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला लागतील ते पिंजरे आणि थोडे शेंगदाणे. उंदरांची कमतरता पडणार नाही.